प्रमाणपत्र संगणकाचे, उत्तरदायित्व डॉक्टरांचे

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, भ्रमणध्वनी मुके झाले आणि गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. आजारपण मात्र वीज येण्याची वाट पाहत नाही. अशा दिवसांत डॉक्टरांच्या हाती उरतो तो जुना कागदी केसपेपर. रुग्णनोंदींच्या संगणक प्रणालींना मिळणाऱ्या प्रमाणपत्रांकडे अनेक डॉक्टर साशंकतेने पाहतात, याचे नवल वाटणाऱ्यांनी तो किनारा आठवावा.

केंद्र शासनाने 27 सप्टेंबर 2021 रोजी आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू केले. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. श्रीवर्धनच्या अत्यवस्थ रुग्णाला माणगाव, अलिबाग किंवा थेट मुंबई गाठावी लागते. त्याच्या आधी त्याची माहिती तेथे पोहोचली तर जीव वाचू शकतो. प्रश्न हेतूचा नाही, परीक्षेचा आहे. या अभियानात येणाऱ्या प्रणालीला ‘आभा’ क्रमांक तयार करणे, रुग्णाची नोंद त्याला जोडणे आणि रुग्णाच्या संमतीने अन्यत्रची नोंद पाहणे असे तीन टप्पे पार करावे लागतात. म्हणजे तपासली जाते ती प्रामुख्याने देवाणघेवाण. पण औषधाची ॲलर्जी पडद्याच्या कोपऱ्यात दडून राहते काय? एकाच नावाच्या दोन रुग्णांचे अहवाल एकमेकांत मिसळतात काय? हे दवाखान्यातील सोमवारच्या गर्दीतच कळते, परीक्षागृहात नव्हे.

ही भीती काल्पनिक म्हणावी, तर अमेरिकेचा अनुभव समोर आहे. तेथे 2009 च्या कायद्याने प्रमाणित प्रणाली वापरणाऱ्या डॉक्टरांना ‘मेडिकेअर’ योजनेतून प्रत्येकी 44 हजार डॉलर्सपर्यंत अनुदान देऊ केले. साहजिकच प्रमाणपत्राला सोन्याचा भाव आला. मे 2017 मध्ये ‘ईक्लिनिकलवर्क्स’ या मोठ्या कंपनीने तेथील सरकारशी 15 कोटी 50 लाख डॉलर्सची तडजोड केली. सरकारचा आरोप असा होता की, औषधांच्या प्रमाणित संकेतांकांचा संपूर्ण संग्रह प्रणालीत असायला हवा होता. कंपनीने परीक्षेत विचारले जाणारे केवळ 16 संकेतांक तीत बसवले आणि प्रमाणपत्र पदरात पाडून घेतले. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण रक्कम भरली. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून पहिला वर्ग मिळवणारा विद्यार्थी आपल्याकडेही अपरिचित नाही! भारतातही जानेवारी 2023 पासून डिजिटल नोंदींच्या संख्येवर प्रोत्साहन रक्कम देण्याची योजना आली. जेथे संख्येला पैसा, तेथे गुणवत्तेवर दुप्पट पहारा हवा.

तो पहारा डॉक्टरांनी मागितला की त्यांना संगणकद्वेष्टे ठरवले जाते. वस्तुतः नोंदीचे मोल डॉक्टरांइतके कोणाला ठाऊक आहे? याच रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची टिपणे ठेवली. त्या निरीक्षणांतून प्राझोसिन या औषधाचा उपचार जगापुढे आला, ‘लॅन्सेट’ने त्यांचे संशोधन छापले आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या प्रणालीत डॉक्टरांची नजर रुग्णावरून हटून रकान्यांवर खिळते, ती असे निरीक्षण टिपणार कशी?

आणि चूक झालीच तर? व्ही. पी. शांता खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालानंतर रुग्णसेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली. दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागणी होताच 72 तासांत देणे, हे 2002 च्या नियमावलीने डॉक्टरांवर बंधनकारक केले. प्रणाली बंद पडली, विक्रेता गाशा गुंडाळून गेला, तरी न्यायासनापुढे प्रथम उभा राहतो तो डॉक्टरच. दिल्लीच्या ‘एम्स’वर 23 नोव्हेंबर 2022 रोजी सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातील अग्रगण्य रुग्णालयाला अनेक दिवस कागद-पेनाने कारभार करावा लागला. तेथे मनुष्यबळ होते, तज्ज्ञ होते. तालुक्याच्या गावी एका परिचारिकेसह दवाखाना चालवणाऱ्याने कोणाकडे धाव घ्यावी?

म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळात प्रत्यक्ष रुग्ण तपासणारे डॉक्टर हवेत, आणि त्यांत तालुक्याचेही हवेत. प्रत्येक प्रणालीतील उघड झालेले दोष जाहीर व्हावेत, दोष न सुधारणाऱ्याचे प्रमाणपत्र रद्द व्हावे आणि विक्रेत्याच्या चुकीचे दायित्व करारातच विक्रेत्यावर असावे. परीक्षाही वातानुकूलित दालनात नको. जुलै महिन्यात, वीज येत-जात असताना, बाहेर पन्नास रुग्ण खोळंबलेले असताना ती श्रीवर्धनमध्ये घ्यावी. तेथे उत्तीर्ण होणारी प्रणाली डॉक्टर स्वतःहून मागून घेतील.