पीकविम्याचें यंत्रगणित

विमाकंपनीचा धंदा अंदाजावर चालतो, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. आतां तो अंदाज करण्याचें काम संगणकाकडे जात आहे, याकडे मात्र पुरेसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. उपग्रहानें टिपलेला पिकाचा हिरवेपणा, पाऊस व उष्णमान एकीकडे आणि मागील सालांचें मोजलेलें उत्पन्न दुसरीकडे, असे आंकडे यंत्रास पुरविले असतां तें त्यांतील संबंध आपणच हुडकतें व यंदाचें उत्पन्न वर्तवितें. यासच मशीन लर्निंग म्हणतात. पंतप्रधान पीकविमा योजनेंत 2023 च्या खरिपापासून भात व गहू यांच्या बाबतींत अशा अंदाजास निदान 30 टक्के वजन देण्याचें ठरलें.

हें वजन खिशाशीं कसें भिडतें तें पाहा. मागील 7 वर्षांतील उत्तम 5 सालांची सरासरी जोखीमस्तरानें गुणून उंबरठा उत्पन्न काढितात. समजा, मंडळांत तें हेक्टरी 10 क्विंटल असून विमासंरक्षण 50,000 रुपये आहे. पीककापणींत 8 क्विंटल भरले तर तूट पांचवा हिस्सा, भरपाई 10,000 रुपये. यंत्रानें 9 सांगितले तर मिश्र आंकडा 8.3 होतो आणि भरपाई 8,500 वर येते. (यंत्रानें 7 सांगितल्यास लाभ रयतेचा, हेंहि खरें.)

पण यंत्राचा गुरु कोण? तोच पीककापणी प्रयोग! सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं 1946 सालींच दाखविलें कीं, कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेचीं रोपें आंत ओढलीं जाऊन उत्पन्न फुगतें. चिठ्ठीनें निघालेलें शेत टाळून रस्त्याकांठचें सोयीचें शेत घेतलें, अथवा चावडींत बसूनच तक्ता भरला, तर यंत्र ती चूक इमानानें पाठ करितें. महसूल दप्तरांत ज्यांचा जन्म गेला त्यांस असे तक्ते नवे नाहींत.

यंत्र नको, असें आमचें म्हणणें नाहीं. मोजक्या प्रयोगांस जें दिसत नाहीं तें उपग्रहास दिसतें, आणि त्यास कोणी चहा पाजूं शकत नाहीं. परंतु कापणीचा व यंत्राचा असे दोन्ही आंकडे भरपाई ठरण्यापूर्वीं चावडीवर निरनिराळे लागावे व हरकतीस मुदत मिळावी, ही मागणी आपल्या संघानें नेटानें केली पाहिजे. तोंवर शेतकरी बंधूंनीं कापणीच्या दिवशीं शेतावर हजर राहून वजन डोळ्यांनीं पाहावें, आणि ई-पीक पाहणींत जें पेरलें तेंच नोंदवावें. शेतांत सोयाबीन आणि नोंद तुरीची, असें झाल्यास कंपनीशीं तंटा सुरू होण्यापूर्वींच आपली बाजू लंगडी पडते.