जानेवारीत देशावर जा

जानेवारीत दोन-तीन दिवस मोकळे मिळणार असतील, तर माझं सांगणं एकच आहे: देशावर जा. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड, छत्रपती संभाजीनगर, बुलढाणा, आणि नाशिक जिल्ह्यातला निफाडकडचा पट्टा. मुंबई-पुण्याच्या घरांत फिरायला जायचं ठरतं तेव्हा लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग, गोवा हीच नावं पुढे येतात. देशावरचं नाव निघालंच तर तुळजापूर किंवा पंढरपूर, तेही दर्शन घेऊन त्याच दिवशी परत यायच्या बेतानं. हा बेत या वर्षी बदला, असं मी कळकळीनं सांगतोय, आणि त्याला कारण आहे.

या मुलखात सुखानं हिंडता येईल असे दिवस वर्षात थोडे असतात. फेब्रुवारी सरता सरता ऊन तापायला लागतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी अकरानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पावसाळ्यात काळ्या रानात पाय घातला की चिखल पायाला धरून बसतो. ऑक्टोबरची उन्हाची तलखी वेगळीच. राहता राहिले डिसेंबर आणि जानेवारी. पहाटे अंगावर शाल लागते, दुपारी टोपी घातली की पुरतं, आणि रानात पीक उभं असतं. महाबळेश्वर तुम्हाला मार्चमध्ये भेटेल, ऑक्टोबरमध्येही भेटेल. कोकण तर वर्षातले सात-आठ महिने चांगलं असतं. देशाचा हा हंगाम मात्र एकदा हुकला की वर्षभर थांबावं लागतं.

त्यातही सगळ्यात कमी दिवसांचा हंगाम हुरड्याचा. रब्बीची ज्वारी पाऊस ओसरताना पेरतात आणि ती काळ्या जमिनीतल्या ओलीवर वाढते. कणसात दाणा भरतो, पण अजून हिरवा आणि कोवळा असतो, बोटानं दाबला तर चिकट दूध निघतं, तेव्हा तो हुरडा. एका रानात ही अवस्था थोडेच दिवस टिकते. मग दाणा टणक होतो आणि त्याची ज्वारी होते. शेतकरी पेरणी मागेपुढे करतात, म्हणून एकाचं रान संपलं तरी दुसऱ्याचं सुरू असतं, आणि डिसेंबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत कुठे ना कुठे हुरडा मिळतो. खास हुरड्यासाठी गुळभेंडीसारखे गोड वाण लावतात. मंगळवेढ्याच्या बाजूची मालदांडी भाकरीसाठी नावाजलेली.

ज्यांनी हुरडा फक्त शहरात पिशवीतून आणलेला खाल्लाय, त्यांनी तो एकदा बांधावर बसून खावा. जमिनीत वीतभर खड्डा करतात, ती आगटी. त्यात गोवऱ्या पेटवतात. जाळ खाली बसून आर झाला की कणसं देठाकडून धरून त्या राखेत खुपसतात. भाजणारा माणूस बहुधा घरातला म्हातारा असतो आणि तो घड्याळाकडे बघत नाही, वासावर कणीस काढतो. गरम कणीस तळहातांत चोळायचं, फुंकर मारून फोलपटं उडवायची आणि दाणे पुढच्याच्या हातावर द्यायचे. चोळणाऱ्याचे हात पोळून लाल होतात, म्हणून हे काम आळीपाळीनं चालतं. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ. पलीकडे हरभरा असेल तर त्याचा हुळाही भाजून मिळतो. बोरं असतात, ऊस असतो. पोटभर झाल्यावर वर गटागटा पाणी पिऊ देत नाहीत, ताक देतात. ते ऐका.

हल्ली महामार्गांच्या कडेनं हुरडा पार्टीची केंद्रं झाली आहेत. त्यांतली काही खरंच शेतकऱ्यांची आहेत आणि ती चांगली चालावीत असं मला मनापासून वाटतं, कारण त्या दोन महिन्यांत ज्वारीला बाजारापेक्षा कितीतरी चांगला भाव सुटतो. काही ठिकाणी मात्र मोठ्या आवाजातली गाणी, पोहायचा तलाव आणि लांबून आणलेल्या हुरड्याची ताटली, एवढंच असतं. फोनवर दोनच गोष्टी विचारा: ज्वारी तुमच्याच रानात आहे का, आणि आगटीपाशी बसता येईल का. दोन्हींना होकार मिळाला तर जा. आणि गेलात की भाव करू नका. पाच-सहा माणसं पोटभर खातात तेव्हा कितीतरी कणसं मोडतात. तेवढी ज्वारी त्या घरात पिकून आली नाही, हे पैसे देताना लक्षात असू द्या.

लातूर, धाराशिव, नांदेडकडे कुणी ओळखीचं असेल तर वेळ अमावस्येची तारीख कॅलेंडरात बघून ठेवा. मार्गशीर्षातली ही अमावस्या कधी डिसेंबरात येते, कधी जानेवारीत. तिकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी लातूरसारख्या शहरातली बाजारपेठसुद्धा ओस पडते आणि घरंच्या घरं शेतात जातात. कडब्याची कोप करून पूजा होते, आणि जेवणाला भज्जी, ज्वारीच्या पिठाची आंबील, उंडे, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे हिरवे दाणे, शेंगा आणि पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली दाट भाजी, तळलेली भजी नव्हेत. ज्यांचं शेत नाही त्यांना शेत असलेले आवर्जून बोलावतात. ऑफिसात, कॉलेजात लातूरकडचा कुणी मित्र असेल आणि त्यानं कधी 'येळवशीला चला' म्हटलं असेल, तर ते तोंडदेखलं बोलावणं नसतं. जा.

मकर संक्रांतीच्या सुमाराला सोलापूरला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिला गड्ड्याची जत्रा म्हणतात. उंचच्या उंच सात नंदीध्वज मिरवणुकीनं निघतात, शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो आणि संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं तो जड नंदीध्वज तोल सांभाळत पेलून नेतात, ते अगदी जवळून बघण्यासारखं आहे. या दिवसांत गर्दी प्रचंड असते, लॉज आधीच भरतात. गर्दी सोसत नसेल तर संक्रांतीनंतर आठवडाभरानं जा. सोलापूर तेव्हाही कडक भाकरी आणि शेंगा चटणीसह जागेवरच असतं. तिथून नळदुर्ग तासाभराच्या रस्त्यावर. बोरी नदीला आडवा बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधलाय, आदिलशाहीतलं काम. धबधबे बघायला पावसाळाच हवा, पण तटबंदीवरून पूर्ण किल्ला चालायचा तर जानेवारीच. वाट थोडी वाकडी करून धाराशिवजवळच्या तेरला थांबता आलं तर फार चांगलं. जुनं तगर नगर ते हेच, गोरोबाकाकांचं गाव. तिथल्या लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात रोमन व्यापाराच्या काळातल्या वस्तू आहेत. आपल्या शाळेच्या पुस्तकात जे अर्ध्या ओळीत उरकलं होतं ते तिथे कपाटात मांडून ठेवलंय.

पक्ष्यांसाठी दोन जागा. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटर. उजनी धरणाचं पाणी तिथवर पसरलंय आणि कुंभारगाव, डिकसळ या गावांतले मच्छीमार पहाटे होडीतून पक्षी दाखवतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगो तिथले मानकरी, पण हिमालय ओलांडून आलेला पट्टकदंब दिसला तर होडीतला जाणता माणूस आधी तिकडे बोट दाखवतो. एक मात्र ध्यानात ठेवा. रोहित उथळ पाण्यात, चिखलात चोच उलटी घालून खातो. ज्या वर्षी पाऊस भरपूर होऊन धरण जानेवारीतही तुडुंब असतं, त्या वर्षी उथळ जागाच उरत नाही आणि रोहित उशिरा, फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसतात. म्हणून निघण्याआधी तिथल्या नावाड्याला विचारा. दुसरी जागा नांदूर मध्यमेश्वर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ. रामसर यादीत आलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा. थंडी इथे खरी पडते. पारा फार उतरला की द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. रस्त्यावरून तो धूर दिसला तर ती सहलीची शेकोटी नाही, एवढं मुलांना सांगा.

भिगवणला मी एक गोष्ट वारंवार बघितली आहे आणि तिच्यासाठी हे आवाहन लिहावंसं वाटलं. होडी थव्याच्या जवळ आली की प्रवासी नावाड्याला म्हणतात, अजून पुढे घ्या, उडवा ना त्यांना एकदा. शंभर-दोनशे रोहित पंख उघडून उठतात, गुलाबी-काळा पट्टा आभाळात पसरतो, फोटो होतो. मागची होडी येते आणि पुन्हा तेच. हे पक्षी इथे चरायला आलेले असतात. सकाळभर त्यांना उठवत राहिलं की खाणं राहतं आणि उडण्यात ताकद जाते. काही दिवसांनी थवा आत, दूर निघून जातो आणि त्याच नावाड्याचा धंदा बसतो. तो बिचारा नको म्हणत असतो, पण गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून वल्हं मारतो. तेव्हा होडीत बसतानाच तुम्ही म्हणा: दादा, लांबूनच दाखवा, उडवायचे नाहीत. त्याला किती बरं वाटतं ते त्याच्या तोंडावर दिसतं. दुर्बीण न्या, नसेल तर मागून घ्या.

लेणी बघायची तर याच महिन्यात बघा. मे महिन्याच्या सुट्टीत लेकरांना घेऊन अजिंठ्याला जाणं म्हणजे त्यांना लेण्यांची कायमची धास्ती बसवणं. उन्हात तापलेल्या दगडी पायऱ्या, चढ-उतार, आणि चित्रांच्या लेण्यांत शिरताना प्रत्येक वेळी पादत्राणं काढायची. जानेवारीत तोच फेरा सोपा होतो. तिथे सतरा क्रमांकाच्या लेण्यात पाच मिनिटं निमूट उभं राहा, डोळे अंधाराला सरावले की भिंतीवरची माणसं एकेक करून दिसायला लागतात. घाईनं फोटो काढून निघालेल्यांना ती दिसत नाहीत. वारांची गल्लत मात्र करू नका: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. रविवारी वेरूळ करून सोमवारी अजिंठ्याच्या फाट्यावरून परत फिरलेली कुटुंबं दर हिवाळ्यात भेटतात. दोन्ही एका दिवसात कोंबू नका. अजिंठा छत्रपती संभाजीनगर शहरापासून शंभरेक किलोमीटर, वेरूळ वेगळ्या दिशेला तीसेक. वेरूळच्या एकट्या कैलास लेण्याला अर्धा दिवस द्या, आधी वरच्या कड्यावरून बघा आणि मग खाली अंगणात उतरा. डोंगर वरून खाली कोरत आणलाय, हे वरून बघितल्याशिवाय उमगत नाही.

तिथून आणखी एक दिवस असेल तर लोणार. बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं विवर, काठापासून काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर, आणि तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी. 2020च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. आत उतरायची वाट झाडीतून जाते. सकाळी लवकर उतरा, पाणी आणि खाणं वरूनच सोबत न्या आणि रिकाम्या बाटल्या परत वर आणा. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ चुकवू नका. जिजाऊंचं जन्मगाव सिंदखेडराजा याच वाटेवर करता येतं. 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीला तिथे अलोट गर्दी असते, त्या दिवशी जायचं तर गर्दीसाठीच जायचं, वाडा निवांत बघायला दुसरा दिवस धरा.

वाघासाठी जानेवारीत ताडोबाला जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. जंगल या दिवसांत देखणं असतं, पण गवत उंच आणि पाणी जागोजागी, त्यामुळे वाघाला पाणवठ्यावर यायची गरजच पडत नाही. एप्रिल-मेमध्ये तो सहज दिसतो. जंगल आणि पक्षी पुरेसे वाटत असतील तर खुशाल जा, उघड्या जिप्सीत पहाटे कानटोपी लागेल, आणि मंगळवारी उद्यान बंद असतं. दिल्ली-आग्र्याचा बेत असेल तर तोही पुढे ढकला. जानेवारीत तिकडे धुकं दाटतं, गाड्या तासन् तास उशिरा धावतात आणि सकाळी ताजमहालासमोर उभं राहूनही ताजमहाल दिसत नाही. परराज्यात जायचंच असेल तर सोलापूरहून सरळ विजापूर गाठा, शंभर किलोमीटरवर गोलघुमट आहे.

26 जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला की सगळे एकदम बाहेर पडतात. तो सोडून महिन्यातला दुसरा कुठलाही शनिवार-रविवार घ्या. दहावी-बारावीची मुलं घरात असतील तर त्यांना ओढून नेऊ नका, त्यांची तोंडी आणि प्रात्यक्षिकं तोंडावर आलेली असतात. आजी-आजोबांना मात्र जरूर न्या, हा त्यांना झेपणारा प्रवास आहे, आणि आगटी कशी लावायची हे घरात बहुधा त्यांनाच ठाऊक असतं. पाऊस कमी झालेल्या वर्षी रब्बीचा पेरा घटतो आणि हुरडाही. त्यामुळे गाडी काढण्याआधी ज्याच्या रानात जायचं त्याला आदल्या दिवशी एक फोन करा आणि कणीस कुठवर आलंय ते विचारा. तो 'चार दिवस थांबा' म्हणाला तर चार दिवस थांबा.