बोर्ड गेला, म्हणजे मशीन गेलं?

गेल्या उन्हाळ्यात आमचं वॉशिंग मशीन बंद पडलं. जेमतेम सहा वर्षांचं, फुल्ली ऑटोमॅटिक. कंपनीचा माणूस आला, मागचं झाकण उघडलं आणि पाच मिनिटांत निकाल दिला, "बोर्ड गेलाय. या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही. एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या."

नवीन घ्यायला पैसे नव्हते. पुढचे अठरा दिवस मम्मीने घरातल्या चौघांचे कपडे हाताने धुतले. मी कॉलेजात स्त्रीवादी साहित्यावर असाइनमेंट लिहीत होते आणि घरी ओल्या चादरीचं दुसरं टोक धरून पिळत होते. मशीन बिघडलं की त्याचं काम कुणाच्या अंगावर पडतं, हे मला तेव्हा नीट कळलं.

शेवटी जिन्याखाली पडलेलं आजीचं सेमी-ऑटोमॅटिक आठवलं. वीस वर्षांचं तरी असेल. सुलतान बाजारातल्या आमच्या गल्लीतले मेकॅनिक चाचा आले. मोटर नुसती गुणगुणत होती, फिरत नव्हती. "कुछ नै हुआ अम्मा, कपॅसिटर गया," ते म्हणाले. कोठीच्या गुजराती गल्लीतून कपॅसिटर आणला, पट्टा बदलला. मजुरी धरून साडेसहाशे रुपये. मशीन आजही चालतंय.

'जुनं ते सोनं' असं मला म्हणायचं नाही. सेमी-ऑटोमॅटिकपुढे उभं राहावं लागतं, कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकावे लागतात. नव्या मशीनने मम्मीचे ते कष्ट वाचवले होते. पण जुन्या मशीनचा टायमर, मोटर, पट्टा, सगळं सुटं. जे गेलं ते बदला. नव्यात सगळा कारभार एका सर्किट बोर्डावर, आणि तो बोर्ड बऱ्याचदा राळेसारख्या थरात बुजवलेला. काही फ्रंट-लोड मशीन्सचा टब तर जोडूनच टाकलेला असतो. बेअरिंग झिजलं की अख्खा टब बदला. म्हणजे दोष चाचांच्या हाताचा नाही. मशीन उघडताच येऊ नये, असं ते बनवलेलं आहे.

हे बदलता येतं. युरोपियन युनियनमध्ये मार्च 2021 पासून वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग, बोर्डसुद्धा, मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान 10 वर्षं मिळायला हवेत असा नियम आहे. फ्रान्समध्ये त्याच वर्षी फ्रंट-लोड मशीनवर दुरुस्तीसाठी 10 पैकी गुण छापणं सक्तीचं झालं. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. चांगलं झालं. पण पोर्टल माहिती देतं, सक्ती करत नाही. दुकानातल्या मशीनवरचे स्टार वीज किती लागेल ते सांगतात. ते दुरुस्त होईल की नाही, हेही तिथेच छापलेलं हवं.

आपण साहित्याची मुलं. कोठीला जाऊन जुनी पुस्तकं घेतो, शिवण उसवली तर बांधून घेतो, पुन्हा वाचतो. तीच सवय घरातल्या वस्तूंना लावायला काय हरकत आहे? पुढच्या वेळी घरी मशीन घ्यायची वेळ आली, तर रंग आणि ऑफर बघण्याआधी दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. याचे पार्ट किती वर्षं मिळतील? आणि आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकला हे उघडता येईल का? उत्तर मिळालं तर ते बिलावर लिहून घ्या.