शाळेचे कार्यालय : आता केवळ कारकुनी नव्हे



शाळा म्हटली की आपल्याला गुरुजी, फळा आणि निकाल आठवतात. कार्यालयातले बाबू आठवतात ते दाखला हवा असतो तेव्हा. हा दृष्टिकोन आता बदलायला हवा, असे आम्हांस वाटते.

पूर्वी बाबूंचे काम ठरलेले असे : प्रवेशाचे रजिस्टर, फीच्या पावत्या, पगारपत्रक आणि वर्षअखेरचा हिशेब. आता २०२२-२३ पासून केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद करावी लागते. त्याआधी शाळेची एकत्रित आकडेवारी पुरत असे. त्यात आधारशी जुळणी, 'अपार' क्रमांक आणि शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज यांची भर पडली आहे. सरकारी शाळांत मध्यान्ह भोजनाचा हिशेबही असतो.

आपल्या गुडीहत्नूर परिसरात हे काम अधिकच नाजूक आहे. घरात मराठी, सरकार दरबारी तेलुगू आणि संगणकावर इंग्रजी. तेलुगू रीतीत आडनाव आधी येते, आपल्या रीतीत शेवटी. तेलुगूत 'ळ' आहे, इंग्रजीत नाही. त्यामुळे एकाच मुलाचे नाव आधारवर एक, रजिस्टरात दुसरे आणि दहावीच्या मेमोवर तिसरे, असे होऊ शकते. मग शिष्यवृत्ती अडते आणि दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात. २०१८ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तेलंगणात नोकरीसाठी 'स्थानिक' कोण, हे मुख्यतः पहिली ते सातवीचे शिक्षण कोठे झाले यावरून ठरते. म्हणजे आज पहिलीत झालेली नोंद वीस वर्षांनी नोकरीच्या वेळी पाहिली जाणार. दहावीनंतर किनवट, नांदेड किंवा यवतमाळला जाणाऱ्या मुलांचे कागद तर दुसऱ्या राज्यात तपासले जातात.

एवढे जोखमीचे काम करायचे कोणी? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कार्यालय, भांडार आणि मुख्याध्यापक यांसाठी मिळून एक खोली सांगितली आहे. त्या खोलीत बसणाऱ्या लिपिकाचा मात्र तेथे उल्लेख नाही. त्याच कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये असे सांगते. प्रत्यक्षात मात्र जेथे लिपिक नाही तेथे माहिती भरण्याचे काम शिक्षकांवरच येते आणि वर्ग वाट पाहत बसतो. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्याने शाळांच्या हाती खर्चाचे अधिकार आले आणि पुढे शाळेचा व्यवस्थापक हा प्रशिक्षण घेतलेला स्वतंत्र अधिकारी बनत गेला. आपली ऐपत तेवढी नसेल, पण दिशा तीच आहे.

संगणक आला म्हणजे माणूस कमी लागतो, असे काहीजण म्हणतात. आमचे मत उलट आहे. यंत्र भरलेले अक्षर जपते. ते बरोबर आहे की नाही, हे पाहायला जाणता माणूसच लागतो.

म्हणून विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, नव्या खोल्यांच्या जोडीने मराठी, तेलुगू व इंग्रजी या तिन्ही भाषा जाणणाऱ्या, संगणकाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या पूर्णवेळ कर्मचाऱ्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी. त्यास योग्य वेतन आणि सभेत बोलण्याचा मानही मिळावा. पालकांनी प्रवेशाच्या वेळी जन्मदाखला आणि आधार सोबत आणून नाव व जन्मतारीख स्वतः वाचून पाहावी. 'तुम्हीच भरा' म्हणून निघून जाऊ नये. विद्यार्थी मित्रहो, दहावीची यादी बोर्डाकडे जाण्यापूर्वी आपले नाव अक्षर न् अक्षर तपासा.

नोंद नीट राहिली तर मुलाची वाट अडणार नाही आणि गुरुजींचा तास वर्गातच जाईल. शाळेच्या पैशाचा याहून चांगला उपयोग आम्हांस तरी दिसत नाही.