कॉफीची दारू की दारूची कॉफी?

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री, बाणेरमधल्या एका बारच्या पार्किंगमध्ये, मी माझीच बाईक माझ्याच पायावर पाडून घेतली.

अपघात वगैरे काही नाही हो. स्टँड काढला, गाडी सरळ करायला गेलो आणि ती सावकाश, बसायला निघालेल्या म्हशीसारखी, माझ्या बाजूला आडवी झाली. पाय मुरगळला, आरसा फुटला. गंमत म्हणजे त्या क्षणापर्यंत मी पूर्ण शुद्धीत आहे याची मला शंभर टक्के खात्री होती. डोळे टक्क उघडे, जीभ अडखळत नव्हती, त्या दिवशीच्या रिलीजमधले बग मी नंबरासकट सांगितले असते. मित्र म्हणत होते रिक्षा कर, आणि मी म्हणत होतो, "अरे, मी कॉफी पीत होतो!"

ती कॉफी म्हणजे दोन एस्प्रेसो मार्टिनी.

पार्किंगच्या काकांनी गाडी उचलून दिली, माझ्या हातातली किल्ली काढून घेतली आणि म्हणाले, "दादा, गाडी राहू द्या हितंच. सकाळी या, न्या." सकाळी गेलो तर त्यांनी किल्ली दिली आणि एक शब्दही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

तर मंडळी, पाय शेकत घरी बसल्यावर करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून या प्रकरणाच्या मुळाशी गेलो. आणि आता माझं ठाम मत झालंय. कॉफी लिक्युअर ही झकास चीज आहे, पण तिला कॉफी समजणं हा शुद्ध गाढवपणा आहे. (गाढव कोण, ते वर आलंच आहे.)

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. दुकानाच्या पाटीवर असतं ते लिकर, म्हणजे सरसकट दारू. लिक्युअर वेगळी. ती म्हणजे साखर आणि कुठलातरी स्वाद घालून गोड केलेली दारू. युरोपातल्या नियमाप्रमाणे लिक्युअरमध्ये किमान १५ टक्के अल्कोहोल आणि लिटरमागे साधारणपणे किमान १०० ग्रॅम साखर लागते. बहुतेक कॉफी लिक्युअरमध्ये साखर याच्याही कितीतरी वर असते.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा कॉफीचा मुरांबा आहे. कैरी वर्षभर टिकावी म्हणून आपण ती पाकात मुरवतो, तसंच हे. साधी कॉफी करून ठेवली तर काही तासांत तिचं पाणचट, आंबट काहीतरी होतं. (ऑफिसच्या मशीनमधून तर ती तशीच जन्माला येते.) पण त्याच अर्कात साखर आणि दारू पडली की बाटली कपाटात महिनोन् महिने राहते. शिवाय कॉफीच्या वासातली काही द्रव्यं नुसत्या पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये जास्त चांगली विरघळतात, आणि साखर कडूपणाची धार बोथट करते. म्हणून बाटली उघडल्यावर आधी भाजलेल्या बियांचा घमघमाट येतो, मग गोड लागतं आणि कडू सगळ्यात शेवटी, जिभेच्या मागे कुठेतरी सापडतं.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव कालुआ. जन्म १९३६, मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ प्रांतात. आता हाच प्रांत का, हे नकाशा घेऊन बसल्यावर कळतं. व्हेराक्रूझच्या डोंगराळ भागात, कोआतेपेकच्या आसपास, कॉफीचे मळे आहेत. खालच्या सखल भागात ऊस. आणि त्याच प्रांताच्या उत्तरेला पापांतला, जिथले तोतोनाक लोक कित्येक शतकं व्हॅनिला पिकवत आलेत. कॉफी, उसाची रम, साखर, व्हॅनिलाचा वास... एका प्रांतात अख्खी रेसिपी! मी सांगली भागातला. ऊस, साखर, मळी आणि मळीपासून दारू ही साखळी आम्हाला शाळेच्या वाटेवरच्या वासावरून पाठ असते. त्यामुळे हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. तिकडे शेजारच्या डोंगरावर कॉफी होती, आमच्याकडे नव्हती, एवढाच फरक.

जमैकाचं तेच. तिथेही रम आणि कॉफी दोन्ही, आणि तिथून १९४० च्या दशकात तिया मारिया आली. (आता ती एका इटालियन कंपनीची आहे.) म्हणजे या लिक्युअर काही कुणा बारमधल्या कलाकाराच्या डोक्यातून निघालेल्या नाहीत. शेतात जे पिकतं ते बाटलीत आलं. आणि पिण्याची पद्धतही तशीच साधी होती, जेवणानंतर छोट्या ग्लासात थोडीशी. आपल्याकडे जेवणानंतर बडीशेप किंवा विडा, तसं.

मग कॉकटेलवाल्यांच्या हाती ती लागली. १९४९ साली ब्रुसेल्सच्या मेट्रोपोल हॉटेलात गुस्ताव्ह टॉप्स नावाच्या बारटेंडरने ब्लॅक रशियन केलं, असं सांगतात. लक्झेंबर्गमधल्या अमेरिकेच्या राजदूत पर्ल मेस्टा यांच्यासाठी. ५० मिली व्होडका, २० मिली कॉफी लिक्युअर, बर्फ, संपलं. यात रशियन काय, तर व्होडका. त्यावर ३० मिली क्रीम सोडलं की झालं व्हाइट रशियन. १९९८ च्या 'द बिग लेबोव्स्की' या सिनेमात जेफ ब्रिजेस सिनेमाभर तेच पीत फिरतो. त्या माणसाला कुठेही जायची घाई नसते, आणि माझ्या मते ते पेय पिण्याची तीच योग्य मनःस्थिती आहे.

गाडी वळली ती लंडनमध्ये, १९८० च्या दशकात. तिथल्या डिक ब्रॅडसेल या बारटेंडरकडे एका तरुणीने असं काहीतरी मागितलं म्हणे, की जे आधी जागं करेल आणि मग आडवं करेल. (मूळ शब्द इथे छापण्यासारखे नाहीत :-) ) त्याने व्होडका, कॉफी लिक्युअर, साखरेचा पाक आणि मशीनमधून नुकतीच काढलेली एस्प्रेसो एकत्र हलवून दिली. तीच पुढे एस्प्रेसो मार्टिनी झाली. १९९८ मध्ये नॉटिंग हिलच्या एका रेस्टॉरंटमध्ये त्याने हेच पेय 'फार्मास्युटिकल स्टिम्युलंट' या नावाने दिलं. म्हणजे चक्क औषधी उत्तेजक! नाव गमतीत ठेवलेलं होतं. आपण ते मनावर घेतलं.

कारण मूळ लिक्युअरमध्ये कॅफीन अगदी किरकोळ असतं, ३० मिलीत जेमतेम पाच-दहा मिलिग्रॅम. एस्प्रेसोच्या एका शॉटमध्ये साधारण साठ. जेवणानंतरची गोड वस्तू होती, तिला आपण रात्र लांबवायचं हत्यार केलं.

आता जरा हिशोब. (इंजिनिअर आहे, हिशोब आल्याशिवाय राहणार नाही.) एका एस्प्रेसो मार्टिनीत ५० मिली व्होडका, म्हणजे ४० टक्क्यांच्या हिशोबाने २० मिली अल्कोहोल. २० टक्क्यांची लिक्युअर ३० मिली, म्हणजे आणखी ६. एकूण २६ मिली, वजनात साधारण २० ग्रॅम. माझ्यासारख्या सत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात ते १०० मिलीमागे चाळीसेक मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. आणि गाडी चालवण्यासाठी आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे एकातच काम तमाम. दोन घेतल्या तर ऐंशीच्या पुढे. शरीर तासाला सरासरी पंधराच्या आसपास उतरवतं, म्हणजे मला पात्र व्हायला जवळजवळ चार तास हवे होते. मी दोन तासांत किल्ली शोधत होतो. (हा ढोबळ हिशोब आहे, प्रत्येकाचं शरीर वेगळं. याच्या जोरावर कुणी किल्ली शोधू नये.)

या अख्ख्या हिशोबात कॅफीन कुठेच येत नाही, हे लक्षात आलं का? कॅफीन यकृताचं काम पळवत नाही. रक्तातलं अल्कोहोल एका मिलिग्रॅमनेही कमी करत नाही. ते फक्त झोप उडवतं. आमच्या भाषेत सांगतो. रात्री दोनला सर्व्हर पडला, अलर्ट वाजायला लागले आणि तुम्ही अलर्ट म्यूट केले. शांतता झाली. सर्व्हर मात्र पडलेलाच आहे. सुस्ती, जडपणा, जांभया हे दारूचे अलर्ट आहेत. त्यांच्यामुळेच माणूस म्हणतो, बास आता, घरी जाऊ. ते बंद केले की उरतो तो एक तरतरीत प्यायलेला माणूस. प्यायलेल्या माणसापेक्षा हा जास्त धोकादायक, कारण त्याचा स्वतःवर विश्वास असतो.

हे काही माझंच म्हणणं नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने वरून कॅफीन घातलेली बिअरसारखी पेयं विकणाऱ्या चार कंपन्यांना नोटिसा काढल्या, त्यामागचं कारण हेच होतं. कॉफी लिक्युअर त्यात नव्हत्या, कारण त्यांच्यातलं कॅफीन कॉफीतून आपसूक येतं आणि कमी असतं. माझंही भांडण बाटलीशी नाहीच. माझं भांडण आहे "कॉफीने उतरते" या समजुतीशी, आणि शुक्रवारची रात्र कितीही दमलो तरी एक वाजेपर्यंत ताणलीच पाहिजे या आपल्या हट्टाशी. आठवडाभर कॉफी पिऊन जागायचं आणि सुट्टीच्या आदल्या रात्रीही कॉफी पिऊनच जागायचं? मग सुट्टी कसली ती?

आता लगेच कुणीतरी म्हणेल, "अरे, पण हे गोडगोड म्हणजे बायकांचं पेय." हा शेरा मला कधीच कळलेला नाही. श्रीखंडाला कुणी असं म्हणत नाही. गोड आहे म्हणून कमी प्यावं, हे बरोबर. गोड आहे म्हणून कमी प्रतीचं, हे चूक. आणि ज्यांना साखर नकोच वाटते त्यांच्यासाठी २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या मिस्टर ब्लॅकसारख्या, कॉफी जास्त आणि गोडी कमी अशा लिक्युअर आहेत.

मी सध्या घरी करतो. चिकोरी नसलेल्या चिकमगळूरच्या कॉफीचं एक वाटी घट्ट डिकॉक्शन, ते गरम असतानाच त्यात एक वाटी साखर विरघळवायची, पूर्ण गार झालं की एक वाटी ओल्ड मंक आणि व्हॅनिलाची चिरलेली अर्धी शेंग. बाटलीत भरून आठवडाभर फ्रिजमध्ये. साधारण १६ टक्क्यांचं प्रकरण होतं. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर दोन चमचे व्हॅनिला आइस्क्रीमवर सोडायची, नाहीतर छोट्या ग्लासात बर्फावर. त्यानंतर अर्ध्या तासात झोप येते. येऊ द्यायची. कुठे जायचंय?

आरशाचे चारशे रुपये झाले. पार्किंगच्या काकांना परवा पुन्हा भेटलो, रिक्षाने गेलो होतो. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि पहिल्यांदाच हसले.