पेल्यातला चहा आणि डायलिसिसचे चार तास

डायलिसिस सुरू झाल्यापासून आमच्या दादांचा एकच हट्ट असे: ‘‘आज अर्धा तास आधी सोडवा.’’ शब्दांनी समजूत पटेना, तेव्हा वहिनींनी काचेच्या पेल्यात कोमट पाणी घेतले आणि डिप चहाची पुडी शेजारी ठेवली. (पेला पाहण्यासाठीच, दादांच्या पिण्याच्या पाण्याचे माप ठरलेले आहे.)

पुडी अलगद सोडावी, ढवळू नये. तपकिरी रंग कागदातून बाहेर झिरपू लागतो, पत्ती मात्र आतच राहते. दाट ठिकाणाहून विरळ ठिकाणी कण आपोआप पसरतात. यालाच विसरण म्हणतात. डायलायझरमधील केसासारख्या बारीक नळ्यांतही हेच घडते. युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम नळीच्या भिंतीतून बाहेर जातात. रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिने आत राहतात. शरीरातले जादा पाणी दाबाने काढले जाते, तो भाग या पेल्यात दिसायचा नाही.

थोड्या वेळाने पुडीभोवतीचे पाणी गडद होते आणि रंग सुटणे मंदावते. ताज्या पाण्यात ठेवताच तो पुन्हा सुटू लागतो. यंत्रातले द्रावण सतत वाहते ठेवतात ते याचसाठी. परंतु युरिया केवळ रक्तात नसतो. तो साऱ्या शरीरातील पाण्यात मुरलेला असतो आणि तिथून सावकाश रक्तात उतरतो. त्या उतरण्याला वेळ द्यावाच लागतो.

दादा बराच वेळ पेल्याकडे पाहत होते. ‘‘म्हणजे पुडीत अजून चहा उरलाय तर,’’ एवढेच म्हणाले. पुढल्या खेपेस त्यांनी घड्याळ चारदा पाहिले. परिचारिकेला हाक मात्र मारली नाही.