अल रीम बेटावरील डिस्कस आणि नळाचे पाणी

डिस्कस माशासाठी वनस्पतियुक्त मत्स्यालय उभारण्याचे काम नळाच्या पाण्याच्या चाचणीपासून सुरू व्हावे, असा या मासिकाचा आग्रह आहे, आणि अबू धाबीच्या मुख्य बेटालगतच्या अल रीम बेटावरील उंच निवासी इमारतींत तो अधिकच लागू पडतो. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या जलाशयांतून आणि पुण्याला खडकवासल्यातून मिळणारे पाणी सह्याद्रीच्या पावसाचे व स्वभावतः मृदू असल्यामुळे त्या पाण्यावर हात बसलेल्या मत्स्यपालकाला क्लोरीन घालवण्यापलीकडे फारसा विचार करण्याची सवय नसते. रीमवरील घरांत मात्र जे पाणी येते ते मुळात आखाती समुद्राचे असते. ते एकतर उष्णतेने वाफ करून गोळा केलेले असते, किंवा रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे आरओ पद्धतीने, मोठ्या दाबाखाली सूक्ष्म पडद्यातून गाळून क्षारमुक्त केलेले असते. शहराच्या ईशान्येस ताविला येथे दररोज सुमारे ९ लाख घनमीटर पाणी देण्याची क्षमता असलेला, जगातील सर्वांत मोठ्या प्रकल्पांत गणला जाणारा आरओ प्रकल्प गेल्या काही वर्षांत कार्यान्वित झाला असून अमिरातीचा पाणीपुरवठा वाफेच्या पद्धतीकडून पडद्याच्या पद्धतीकडे सरकत आहे.

अशा रीतीने क्षार काढून टाकलेले पाणी जसेच्या तसे वाहिन्यांत सोडले तर ते धातूचे नळ आणि सिमेंटचे अस्तर खाऊ लागते, म्हणून त्यात चुनखडीच्या साहाय्याने थोडे कॅल्शियम व बायकार्बोनेट परत मिसळतात आणि त्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कता दाखवणारा पीएचचा आकडा, मुद्दाम ७ च्या वर, बहुधा ८ च्या आसपास ठेवतात. डिस्कस पाळणाऱ्याची पहिली गल्लत येथेच होते. त्याने पुस्तकात वाचलेले असते की हा मासा ॲमेझॉनच्या आम्लधर्मी पाण्यातला आहे, आणि चाचणीच्या नळीत ८ चा रंग दिसला की पाणी कठीण आहे असे समजून तो सामू उतरवणारे आम्ल विकत आणतो. वस्तुतः सामू आणि कठीणपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकूण कठीणपणा, म्हणजे जीएच, हा मुख्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियमचे प्रमाण सांगतो, तर कार्बोनेट कठीणपणा, म्हणजे केएच, हा बायकार्बोनेटचे प्रमाण, अर्थात पाण्यात आम्ल पडल्यावर सामू किती वेळ टिकून राहील ते सांगतो. समुद्राच्या पाण्यापासून केलेल्या गोड्या पाण्यात सामू वरचा पण केएच बेताचा, अशी जोडी सहज आढळते, आणि अशा पाण्यात आम्लाची थोडीशी मात्राही सामू एका रात्रीत दीड-दोन अंकांनी खाली आणू शकते. डिस्कसला ६.५ किंवा ७.५ यांपैकी काहीही चालते, परंतु त्या दोहोंमधली घसरगुंडी चालत नाही.

म्हणून इमारतीच्या साठवण टाकीतून आलेले पाणी घेऊन त्याचा सामू, केएच, जीएच आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण, मोजावे, आणि ते पाणी २४ तास हवा सोडून ठेवल्यावर पुन्हा मोजावे, कारण उघड्या भांड्यात स्थिरावलेला सामू हाच खरा उपयोगाचा असतो. केएच ३ च्या खाली भरल्यास दर १०० लिटरमागे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवला की ते एका जर्मन अंशाने वाढते. आम्ल घालण्यापेक्षा हा उपाय रीमवर अधिक वेळा लागण्याजोगा आहे. वनस्पतींसाठी जेव्हा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सीओटू, सोडला जातो तेव्हा तो स्वतःच सामू उतरवतो: केएच ४ असलेल्या पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम सीओटू असल्यास सामू ६.८ च्या जवळ येतो, केएच १ असल्यास तोच ६.२ पर्यंत उतरतो. ज्याला आम्लधर्मी पाणी हवे आहे त्याला ते सीओटू आणि बुडलेले लाकूड यांच्यापासून आपोआप मिळते, बाटलीतल्या आम्लाची गरज नसते.

घरगुती आरओ यंत्राबाबत या मासिकाचे मत स्पष्ट आहे. जर्मनीत, थायलंडमध्ये किंवा मलेशियात पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत पैदा झालेला डिस्कस मध्यम कठीण पाण्यातही निरोगी राहतो. अतिमृदू पाणी लागते ते नदीतून पकडलेल्या माशांना आणि अंड्यांच्या पैदाशीला. बहुतेक घरगुती आरओ यंत्रे एक लिटर पाणी देताना त्याहून अधिक पाणी सांडपाण्यात सोडतात, आणि ज्या देशात नळाचा प्रत्येक लिटर प्रचंड ऊर्जा खर्चून समुद्रातून काढलेला असतो तेथे तेच पाणी घरी पुन्हा गाळून त्याचा मोठा हिस्सा गटारात घालवणे अन्यायाचे आहे. पैदास करणाऱ्याने यंत्र वापरायचे ठरवलेच तर त्याचे सांडपाणी फरशी पुसायला किंवा गॅलरीतील कुंड्यांना वापरावे.

क्लोरीनचा प्रश्न मात्र कोणालाही टाळता येत नाही. डिस्कसच्या अंगावरचा चिकट स्राव हा केवळ त्याचे कवच नसतो. अंड्यातून बाहेर आल्यावर पिल्ले सुरुवातीचे काही आठवडे आईबापांच्या अंगावरचा हाच स्राव खाऊन वाढतात, आणि या असाधारण संगोपनाचे शास्त्रीय वर्णन हिल्डेमन यांनी १९५९ मध्ये केले. क्लोरीन या स्रावाला आणि कल्ल्यांना थेट इजा करतो, म्हणून बदलाच्या पाण्यात सोडियम थायोसल्फेट किंवा तत्सम क्लोरीननाशक मिसळल्याशिवाय थेंबही टाकीत जाऊ नये. त्यातून रीमवरील उन्हाळ्याची अडचण अशी की जून ते सप्टेंबर या काळात थंड नळालाही कढत पाणी येते, कधी ४० अंशांच्या वर. ते सरळ टाकीत ओतणे मासे व वनस्पती दोघांनाही घातक असल्याने वातानुकूलित खोलीत झाकणाच्या पिंपात ते आदल्या रात्री भरून निववावे आणि तापमान मोजूनच वापरावे. गीझरच्या नळाचे पाणी मात्र कोणत्याही ऋतूत घेऊ नये, कारण गरम पाण्याच्या वाहिन्यांतून तांबे उतरण्याचा संभव अधिक असतो.

आता मूळ पेच: डिस्कसची गरज आणि वनस्पतींची गरज यांचा मेळ. योहान हेकेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४० मध्ये सिंफायसोडॉन डिस्कस हे नाव दिले ते योहान नाटरर याने ब्राझीलमधून पाठवलेल्या नमुन्यावरून. रिओ नेग्रो व ॲमेझॉनच्या इतर उपनद्यांच्या संथ काठांवर हा मासा राहतो. वर्षाकाठी सुमारे १० मीटर चढणारे पाणी काठचे अरण्य बुडवते तेव्हा तो झाडांमध्ये शिरतो आणि पाणी उतरले की पडलेल्या झाडांच्या फांद्यांच्या जाळ्यात आसरा घेतो. त्या चहाच्या रंगाच्या, कमी प्रकाशाच्या पाण्यात हिरवीगार जलवनस्पती फार थोडी असते. जपानच्या ताकाशी अमानो यांनी जगभर लोकप्रिय केलेले घनदाट जलोद्यान, ज्याचे तापमान २५ अंशांच्या आसपास ठेवणे सोयीचे असते, हे डिस्कसचे नैसर्गिक घर नव्हे. मत्स्यालय हे उद्यानच आहे हे मान्य करूनही, कोणाच्या सोयीने ते आखायचे हा निर्णय करावाच लागतो, आणि मासा हलू न शकणारा कैदी असल्यामुळे तो निर्णय माशाच्या बाजूने व्हावा.

प्रौढ डिस्कसला २८ ते ३० अंश तापमान लागते. तापमान वाढले की पाण्यात विरघळणारा प्राणवायू घटतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.५ च्या थोडा वर. त्याच वेळी माशांचा, जिवाणूंचा आणि रात्री वनस्पतींचाही श्वसनाचा वेग वाढलेला असतो. म्हणून सीओटू लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत चढवण्याची जी रीत थंड जलोद्यानात चालते ती येथे सोडून १५ ते २० वर थांबावे, दिवे मालवण्याच्या तासभर आधी झडप बंद होईल अशी व्यवस्था करावी आणि फिल्टरच्या मुखाने पृष्ठभाग सतत हलता ठेवावा. पृष्ठभाग हलल्याने सीओटू उडून जातो अशी तक्रार असते, जाऊ द्यावा.

या तापमानाला टिकणाऱ्या वनस्पतींची यादी लहान असली तरी गरीब नाही. मोठ्या पानांची ॲमेझॉन सोर्ड, व्हॅलिस्नेरिया, लाकडाला बांधायचे ॲन्युबियस आणि बहुतेक क्रिप्टोकोरायनी यांवर सहा-सात तासांच्या मध्यम प्रकाशात भरदार मत्स्यालय उभे राहते. यांपैकी क्रिप्टोकोरायनी मराठी वाचकाच्या घरच्या आहेत: या प्रजातीतील स्पायरालिस आणि रेट्रोस्पायरालिस या जाती कोकणच्या ओढ्यांत व पाणथळ जागी नैसर्गिकरीत्या उगवतात आणि कोकणातले ऊन त्यांना नवे नसते. तरीही त्या गावाकडून पिशवीत घालून आणण्याचा मोह व्यावसायिकांनी स्वतः टाळावा आणि ग्राहकांनाही टाळायला सांगावा, कारण साताऱ्याच्या कास पठारावरचा वायतुरा दाखवून देतो की सह्याद्रीतील काही जलवनस्पतींचा अधिवास किती लहान आहे. शिवाय विमानाने वनस्पती नेताना रोगमुक्ततेचा दाखला लागतो. रोपवाटिकेत वाढवलेली, गोगलगाय व शेवाळ नसलेली रोपेच घ्यावीत.

वाळवंटातल्या शहरात हीटर लागतो हे नवख्याला पटत नाही, पण बाहेर ४५ अंश असताना दिवाणखाना २३ अंशांवर असतो आणि झाकण नसलेली टाकी बाष्पीभवनाने त्याहूनही थंड होऊ पाहते. हीटर पाणी तापवतो आणि वातानुकूलन तीच उष्णता खोलीतून बाहेर काढते, म्हणजे एकाच उष्णतेचे पैसे दोनदा मोजावे लागतात. काचेचे झाकण, टाकीच्या मागे व खाली फोमचे अस्तर आणि थंड हवेच्या झोतापासून दूरची जागा यांनी हा खर्च बराच उतरतो. एका मोठ्या हीटरऐवजी निम्म्या शक्तीचे दोन घ्यावेत, म्हणजे एक चालू स्थितीत अडकला तरी मासे शिजत नाहीत आणि एक बंद पडला तरी गारठत नाहीत.

सहा प्रौढ डिस्कससाठी १५० सेंटिमीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद-उंच अशी टाकी योग्य असते. ती ५४० लिटरची होते, आणि काच, वाळू, लाकूड, कपाट धरून तिचे वजन ७०० किलोच्या पुढे जाते. निवासी मजल्याचा आराखडा सामान्यतः चौरस मीटरमागे २०० किलोच्या चल भाराने करतात, म्हणून इतका भार स्लॅबच्या मध्यावर न ठेवता स्तंभाजवळ किंवा भिंतीलगत तुळईच्या रेषेत ठेवावा आणि इमारतीच्या व्यवस्थापनाची लेखी संमती घ्यावी. रीमवरील पुष्कळ कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात. टाकी फुटल्यास पाणी कितीतरी मजले खाली जाते, हे ग्राहकाला विक्रीपूर्वी सांगणे हा व्यवसायाचा धर्म आहे.

मासे कधी सोडायचे, याबाबत सर्वाधिक नुकसान घाईने होते. नवी पोषक माती पहिले काही आठवडे अमोनिया सोडते, आणि अमोनियाचा विषारी अंश सामू व तापमानाबरोबर वाढतो: ३० अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा सुमारे ०.८ टक्के भाग विषारी रूपात असतो, सामू ८ असेल तर सुमारे ७.५ टक्के. म्हणून वनस्पती आधी लावाव्यात, टाकी सायकल होऊ द्यावी, म्हणजे अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरात रुजू द्यावेत, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर स्थिर राहिल्यावरच मासे आणावेत. पाच-सहा सेंटिमीटरची पिल्ले वनस्पतियुक्त टाकीत मुळीच सोडू नयेत. त्यांना दिवसातून चार-पाच वेळा खाणे आणि रोज मोठा पाणीबदल लागतो, तो बिनवाळूच्या उघड्या टाकीतच निभावतो; मासा १२ सेंटिमीटरच्या पुढे गेला की त्याला सजवलेल्या घरात न्यावे. सोबतीला कार्डिनल टेट्रा आणि स्टर्बा कोरिडोरास हे उष्ण पाणी मानवणारे मासे ठेवावेत, एंजलफिश मात्र टाळावेत, कारण ते डिस्कसला मारक ठरणारे परजीवी स्वतः निरोगी दिसत असताना वाहून आणू शकतात.

शेवटी जुलै-ऑगस्टचा प्रश्न उरतो. शाळेच्या सुट्टीत कुटुंब महिनाभर महाराष्ट्रात जाते आणि जाताना वातानुकूलन बंद करते. बंद घर ३५ अंशांच्या वर तापते, आणि प्राणवायू सर्वांत कमी व देखरेख शून्य, अशा स्थितीत सजवलेली टाकी पहिल्याच आठवड्यात बसते. मत्स्यालय विकतानाच या महिन्याची सेवा ठरवून घेणे हे विक्रेत्याचे काम समजले जावे: वातानुकूलनाचा थर्मोस्टॅट २६ अंशांवर, सीओटू पूर्ण बंद, प्रकाश पाच तास, स्वतंत्र बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, आठवड्याला ३० टक्के पाणीबदलासाठी येणारा माणूस, आणि त्याच्यासाठी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवलेला एक कागद, ज्यावर केएच, तापमान, क्लोरीननाशकाची मात्रा व मालकाचा भारतातील दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असेल.